आले तसे पाठवले

मोटारगाडी शिकायची तर आधी शिकाऊ परवाना काढावा लागतो, शेजारी जाणता माणूस बसवावा लागतो. शिकणाऱ्याच्या हातून कुणाला धक्का लागला तर ‘मी नवा आहे’ एवढे सांगून तो सुटत नाही. मोबाईलच्या बाबतीत मात्र आपण सगळे नवख्याला मोठ्या मनाने माफ करतो. घरातल्या वडीलधाऱ्याने एखादी खोटी बातमी चाळीस जणांना पाठवली तर बाकीचे हसून म्हणतात, ‘त्यांना काय कळतं? आलं तसं पाठवलं.’ आमच्या भागातल्या उर्दूत हेच वाक्य ‘मेरे को आया, मैं आगे भेज दी’ असे ऐकू येते. साध्याशा वाटणाऱ्या या वाक्यात एक नैतिक दावा आहे. शब्दाची जबाबदारी तो पहिल्यांदा उच्चारणाऱ्यावर असते, पोहोचवणाऱ्यावर नसते, असा तो दावा. तो खरा आहे का, आणि नुकताच फोन शिकणाऱ्या माणसाला त्याचा आडोसा घेता येईल का, याचा विचार मला येथे करायचा आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत शिकवते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, शाळा बंद झाल्या आणि वर्ग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून स्वस्त इंटरनेट खेड्यापाड्यांत पोहोचले होते. पण फोन बहुधा बापाच्या नाहीतर मोठ्या भावाच्या खिशात असे. लेकरांच्या अभ्यासाच्या निमित्ताने तो पहिल्यांदा आयांच्या हातात आला. पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड, आर्णी, कुठल्याही गावच्या उर्दू शिक्षकाला विचारा, थोड्याफार फरकाने तो हेच सांगेल. या बाया कुरआन नाजरा वाचणाऱ्या. उर्दू अक्षर जोडून जोडून वाचतात. मराठी बोलतात ती खास वऱ्हाडी ढंगाची, पण वाचताना अडखळतात.

त्या फोन कशा शिकल्या, तो क्रम पाहण्यासारखा आहे. आधी फोन घेणे आणि लावणे. मग बोलून आवाजाचा निरोप पाठवणे. मग आलेला निरोप बोटाने दाबून धरायचा, बाण दाबायचा, नावांची यादी उघडते, हव्या त्या नावांवर टिचकी मारायची, की निरोप गेला. हे सगळे एका दुपारी येते. उर्दू कीबोर्ड लावून स्वतःच्या मनातले एक वाक्य लिहायला मात्र महिने लागतात. काहींना ते जमतच नाही.

आजवरच्या तालीमचा क्रम याच्या उलट होता. माणूस आधी वाचायला शिके, मग लिहायला. आपले लिहिणे छापून लोकांपुढे ठेवण्याची वेळ फार थोड्यांवर येई, आणि तोवर वाटेत चार माणसे त्याला विचारीत की हे तू कुठून आणलेस. फोनने हा क्रम फिरवला. नीट वाचता येण्याआधीच माणसाला चारचौघांत प्रसिद्ध करता येऊ लागले. आपण आता प्रकाशक झालो आहोत, हे त्याला कुणी सांगितलेलेही नसते. शिकवणाऱ्याने बटण दाखवले, बटणाचा अर्थ सांगितला नाही.

तो अर्थ किती जड असू शकतो ते महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा हे आदिवासी गाव आहे. रविवारचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे पाच जण तेथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हे त्या जमातीचे पिढ्यान्‌पिढ्यांचे जगणे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा त्या भागात फोनवरून पसरल्या होत्या. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मारून मारून ठार केले. त्याच दिवशी मालेगावात याच संशयावरून पाच जणांना जमावाने घेरले. पोलिसांनी सोडवले म्हणून ते वाचले. राईनपाडा आदिवासींचे गाव, मालेगाव आपल्या मोठ्या वस्तीचे शहर. अफवेने दोन्हीकडे सारखेच काम केले.

त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेल्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेताना दिसत. मुळात तो व्हिडिओ पाकिस्तानातल्या कराचीत, मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांना जागे करण्यासाठी एका संस्थेने तयार केला होता. त्यात शेवटी मूल परत आणून सोडतात आणि सावध राहण्याचा फलक दाखवतात. तेवढा भाग कुणीतरी कापून टाकला होता. दुसऱ्या एका व्हिडिओत ओळीने ठेवलेली मुलांची प्रेते होती. ती २०१३ मध्ये सीरियातल्या घौता येथे विषारी वायूच्या हल्ल्यात मेलेल्या मुलांची होती. ज्या मुलांसाठी आपण दुआ मागायला हवी होती, त्यांची प्रेते येथे गरीब फिरस्त्यांच्या विरुद्ध पुरावा म्हणून दाखवली गेली.

व्हिडिओ कापणारा एखादाच असेल. पाठवणारे अगणित होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना खरोखरच आपल्या लेकरांची काळजी वाटत होती. प्रत्येकाला वेगवेगळे गाठून विचारले असते तर उत्तर एकच मिळाले असते : आले तसे पाठवले.

पोहोचवणारा निर्दोष असतो हे पोस्टमनच्या बाबतीत खरे आहे. तो पाकीट उघडत नाही, आणि पत्र कुणाला द्यायचे हे त्याने ठरवलेले नसते. फॉरवर्ड करणारा या दोन्ही गोष्टी करतो. मजकूर पाहतो, त्याच्या मनात भीती, राग किंवा कौतुक उठते, आणि मग तो नावे निवडतो. आणखी एक फरक आहे आणि तो सर्वांत महत्त्वाचा. व्हॉट्सॲपवर निरोप पुढे गेला की मूळ पाठवणाऱ्याचे नाव गळून पडते. वर ‘फॉरवर्डेड’ एवढा शिक्का राहतो. पुष्कळ हातांतून आला असेल तर दोन बाण दिसतात. घेणाऱ्याला नाव दिसते ते फक्त शेवटच्या पाठवणाऱ्याचे. पुसदच्या बहिणीला आर्णीच्या बहिणीचे नाव दिसते, आणि ती त्या नावावर विश्वास ठेवते. मजकूर कुणा अनोळखी माणसाचा, पण त्याला इज्जत लाभते ती आपल्या बहिणीची. म्हणजे पाठवणारी केवळ मजकूर देत नाही, त्याबरोबर स्वतःचा जामीनही देते.

आपल्या परंपरेत या गळून पडणाऱ्या नावांना मोठे मोल होते. हदीसची दोन अंगे मानतात. मतन म्हणजे मजकूर, आणि सनद म्हणजे तो मजकूर कुणी कुणाकडून ऐकला त्याची साखळी. साखळी तुटलेली असेल तर मजकूर कितीही सुंदर असो, त्याचा दर्जा उतरत असे. रावी सच्चा होता का, त्याची याददाश्त कशी होती, ज्याच्याकडून ऐकले असे तो सांगतो त्याला तो खरोखर भेटला होता का, याची चौकशी करण्यासाठी अस्माउर्रिजाल नावाचे स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. इमाम बुखारी (मृत्यू इ. स. ८७०) यांनी सुमारे सहा लाख रिवायती पारखल्या आणि पुनरुक्ती धरून सात हजारांहून थोड्या अधिक स्वीकारल्या, असे परंपरा सांगते. ऐकलेले सगळेच सांगत सुटणे माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, या अर्थाची हदीस इमाम मुस्लिम यांनी आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेतच घेतली आहे. मुद्दाम खोटे रचणाऱ्याविषयी ती बोलत नाही. न पारखता सांगणाऱ्याविषयी बोलते.

आणि आज काय दिसते? ज्या उम्मतने हे शास्त्र घडवले तिच्याच फोनवर बेसनद ‘हदीसा’ बिनदिक्कत फिरतात. रमजानची खबर जो सर्वांत आधी देईल त्याच्यावर दोजखची आग हराम, हा निरोप दरवर्षी येतो. त्याला हदीसच्या कुठल्याही विश्वसनीय संग्रहात आधार नाही, असे आलिमांनी वारंवार सांगितले आहे. अमुक दुआ अकरा जणांना पाठवा, रात्रीपर्यंत खुशखबर मिळेल, रोखून धराल तर नुकसान होईल, हाही असाच. नवख्या बाईला फॉरवर्डचे पहिले धडे बहुतेक वेळा अशाच निरोपांवर मिळतात. पाठवणे म्हणजे सवाब आणि थांबणे म्हणजे गुन्हा, अशी गाठ तिच्या मनात पहिल्या आठवड्यातच बसते. पुढे मुले पळवणाऱ्यांची अफवा आली की बोट त्याच सवयीने चालते.

येथे कुणी म्हणेल, नीयत तर चांगली होती, आणि अमलांची पारख नीयतवरच होते. ते खरे आहे. पण नीयत अमलाला किंमत देते, त्याचा परिणाम बदलत नाही. आंबलेली डाळ प्रेमाने वाढली तरी खाणाऱ्याचे पोट दुखतेच. शिवाय ‘नीयत चांगली होती’ हे वाक्य आपण नेमके अशा वेळी वापरतो, जेव्हा थोडी विचारपूस करण्याचा कंटाळा आलेला असतो. नेक नीयतमध्ये विचारपूस करण्याची तयारीही धरली पाहिजे.

या प्रश्नाचा सर्वांत कठोर निवाडा सूरह नूरमध्ये आहे. हजरत आयेशा यांच्यावर मदिनेत तोहमत घेतली गेली, तेव्हा ती उठवणारा मुनाफिकांचा म्होरक्या होता. पण बोलली ती पुष्कळांनी, आणि त्यांत सच्च्या मनाचे मुसलमानही होते. कुरआनने त्यांना दोष दिला तो याच शब्दार्थाचा, की ज्याची माहिती नव्हती ते तुम्ही एका जिभेवरून दुसऱ्या जिभेवर घेत गेलात. तुम्हाला ती हलकी गोष्ट वाटली आणि अल्लाहपाशी ती फार मोठी होती. ‘आले तसे पाठवले’ या सबबीला यापेक्षा स्पष्ट उत्तर असू शकत नाही.

तरी नवख्याचा प्रश्न उरतोच. अल्लाह कुणावर त्याच्या ताकदीबाहेर ओझे टाकत नाही, असा आपला विश्वास आहे. मग जिला मराठी बातमी वाचता येत नाही, इंटरनेटवर शोधता येत नाही, ती शहानिशा कशी करणार? सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत खबर पारखून घ्यायला सांगितले आहे, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. पारखण्यासाठी कसब लागते हे मान्य. पण पारखता आले नाही तर पाठवायचे नाही, एवढ्यासाठी कुठलेही कसब लागत नाही. थांबणे निरक्षरालाही येते. सूरह बनी इस्राईलमध्ये सांगितले आहे की ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये. कान, डोळे आणि काळीज या सगळ्यांना जाब विचारला जाणार आहे. आज संगणकाने बनवलेली खोटी चित्रे आणि हुबेहूब खोटे आवाज मिळू लागल्यावर डोळ्यांना विचारला जाणारा जाब आणखी अवघड झाला आहे. पडद्यावर पाहिले म्हणजे पाहिले नव्हे. साक्षीदाराला जे ‘पाहिले’ अपेक्षित असते ते ते नाही.

दुसरी शंका अधिक खरी आहे, आणि ती आयाच विचारतात : ‘बाजी, और सच्ची निकली तो?’ बातमी खरी असली आणि आपण थांबलो म्हणून कुणाचे मूल गेले तर? याचे उत्तर असे, की खऱ्या धोक्याची खबर जो काही करू शकतो त्याला द्यायची असते. शेजारणीला सांगा, पोलिसांच्या ११२ क्रमांकावर फोन करा, मुलांसाठीच्या १०९८ वर करा. तेथे कुणीतरी विचारेल की तुम्ही काय पाहिले, कुठे, केव्हा. चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकलेल्या खबरीला हे कुणी विचारत नाही. तेथे धोका टळत नाही, फक्त भीती वाढते.

म्हणून नवखा माफ आहे, असे मी म्हणणार नाही. त्याचा वाटा लहान आहे, एवढेच म्हणेन. मोठा वाटा शिकवणाऱ्याचा. आईला फोन घेऊन देणारा मुलगा, ग्रुप बनवणारी शिक्षिका, दुकानात ॲप घालून देणारा तरुण, यांनी बाण दाखवला त्याच दिवशी तीन सवालही शिकवायला हवे होते : किसने कहा? कब का है? कहाँ का है? तिन्हींचे उत्तर ‘मालूम नहीं’ असेल तर निरोप आपल्यापाशीच ठेवायचा. पुढच्या टप्प्यात चित्र जुने आहे का हे गूगल लेन्सवर पाहता येते, तेही अर्ध्या तासात शिकवता येते. कंपनीनेही काही बंधने घातली. राईनपाड्याच्या घटनेनंतर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये पुष्कळदा फिरलेल्या निरोपांसाठी ती एकावर आणली. पण अशी मर्यादा हात आखडते, मन घडवत नाही. पाच ठिकाणी गेलेले खोटे पुढे पंचवीस ठिकाणी जायला अडचण कसली?

आपल्यापैकी काहींना वाटेल, अफवेचे बळी तर आपणच, मग हा धडा आपल्यालाच का? ही भावना मी समजू शकते. २ जून २०१४ रोजी पुण्यात हडपसर भागात मोहसीन शेख हा आयटीतला तरुण नमाज पढून परतताना मारला गेला. फेसबुकवरच्या विटंबनेच्या मजकुरावरून शहर तापले होते, आणि त्या मजकुराशी त्याचा काहीही संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींना निर्दोष सोडले. ही जखम भरणारी नाही. पण म्हणूनच, दुसऱ्या देशातल्या जळक्या घरांचे फोटो आपल्या देशातले म्हणून पाठवणाऱ्या भावाला मी जाब विचारीन. तो आपल्या दुःखाची साक्ष खोटी पाडतो. उद्या खरा जुलूम झाला, खरा फोटो निघाला, तर समोरचा म्हणेल की हाही तसलाच असेल. मजलूमापाशी साक्षीखेरीज फारसे काही नसते. ती त्याने तरी जपली पाहिजे.

येथे दोन इशारेही द्यायला हवेत. पहिला असा, की नैतिक जबाबदारी आणि पोलिसी कारवाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर दोन शब्द लिहिले, तिच्या मैत्रिणीने ते ‘लाईक’ केले, आणि दोघींना अटक झाली. त्यातून उठलेल्या वादात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयापुढे गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द झाले. त्या मुलींनी खोटे काही पसरवले नव्हते, एक मत मांडले होते. ‘पारखून पाठवा’ याचा अर्थ ‘बोलूच नका’ असा सत्तेने लावला, तर तो आपल्याला मान्य नसावा.

दुसरा इशारा घरातला आहे. बायकांना कळत नाही, त्या अफवा पसरवतात, असे म्हणून फोन काढून घेणारे पुरुष आपल्यात आहेत. चौकात बसून दिवसभर निरोप ढकलणाऱ्यांकडे मात्र त्यांची नजर जात नाही. या फोनवर लेकरांची शाळा चालते, शिष्यवृत्तीचे निरोप येतात. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा कितीतरी जणींनी तो फोनवरूनच भरला. त्यासाठी कुणापुढे हात जोडावे लागले नाहीत. जबाबदारी ज्याला द्यायची त्याच्या हातात वस्तूही राहू द्यावी लागते. फोन हिसकावून घेतलेल्या बाईला सच्चाई शिकवता येत नाही.

आणि खोटे पाठवले गेलेच, तर? सूरह नूरच्याच त्या प्रसंगात मिस्तह नावाचे सहाबी होते. बद्रच्या लढाईत उतरलेले, हजरत अबूबक्र यांचे नातेवाईक, आणि गरिबीमुळे त्यांच्याच मदतीवर जगणारे. त्यांनीही ती तोहमत बोलून दाखवली होती, आणि ती होती अबूबक्र यांच्या स्वतःच्या लेकीविषयी. बापाचे दुःख केवढे असेल! त्यांनी मदत थांबवण्याची कसम घेतली. तेव्हा माफ करण्याची आणि नातलगांची व गरजूंची मदत न तोडण्याची आयत उतरली, आणि त्यांनी मदत पुन्हा सुरू केली. चूक हलकी मानली गेली नाही, माणूसही टाकला गेला नाही. घरातल्या खालाने, मामूने अफवा पाठवली तर भर ग्रुपमध्ये तिची फजिती करण्याऐवजी तिला बाजूला नेऊन सांगावे, हे आपण यातून घेऊ शकतो.

मात्र सांगितल्यावर तिचे एक काम उरते. कुरआनमध्ये तौबेबरोबर सुधारणा करण्याची आणि खरे उघड सांगण्याचीही अट येते. निरोप नुसता पुसून भागत नाही. आपल्या खात्यातून तो पुसला तरी पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात. ज्या चाळीस जणांना खोटे गेले, त्याच चाळीस जणांना ‘ते खोटे होते’ हेही गेले पाहिजे. त्यासाठी नवे काही शिकावे लागत नाही. तोच बाण दाबायचा, त्याच नावांवर टिचकी मारायची.